चौरंगाखालचा हिरवा रंग

फळी कुरकुरायला लागली की पहिला उपाय टाल्कम पावडर. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत पावडर टाकायची, जुन्या टूथब्रशने आत ढकलायची, वर फडकं पसरायचं आणि त्यावरून थोडं चालायचं. लाकूड लाकडाला घासतं म्हणून आवाज येतो. मधे पावडर गेली की घासणं कमी होतं. हा उपाय पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतो, त्याहून जास्त नाही. दुसरा उपाय मेणबत्ती. साधी, पांढरी. ती फटीवर जोर देऊन घासायची. थंडीत चांगली चालते, मे महिन्यात मेण तळपायाला चिकटतं. तिसरा उपाय स्क्रू. खिळा मारू नये. खिळा लाकडात हळूहळू सैल होतो आणि मग फळीच्या जोडीला तोही वाजायला लागतो. स्क्रू तिरका मारायचा, फळीतून खालच्या वाशात, त्याचं डोकं लाकडात बुडवायचं आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची.

चौथा उपाय खोबरेल तेल, असं माझ्या आईचं मत होतं. मी ऑफिसला गेलेली असताना तिने अर्धी बाटली फटींमध्ये ओतली. आत आधीची पावडर होतीच. दोन्हीचा लगदा झाला, आवाज होता तेवढाच राहिला आणि पुढचे बरेच दिवस आमच्या घरात मुंग्या नांदल्या.

हे सगळे वरवरचे उपाय. पक्का उपाय खालून करावा लागतो. म्हणजे आपली जमीन ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांच्या घरात जायचं, शिडी लावायची आणि त्यांच्या छतातून आपली जमीन दुरुस्त करायची. त्यासाठी लाकडाची माहिती थोडी कमी असली तरी चालते. खालच्यांशी संबंध चांगले असावे लागतात. माझे फार चांगले होते.

आमचं घर घाटकोपरला, एका जुन्या एकमजली इमारतीत आहे. खाली दगडी जोतं, वर सगळं लाकूड. आजूबाजूला उंच इमारती झाल्या, पण आमच्या घरमालकांचं भावाभावांत पटत नाही, म्हणून ही अजून उभी आहे. वरच्या दोन खोल्या मी माझ्या पगारावर घेतल्या. अंधेरीला, एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी परचेसला आहे. वस्तू वेळेवर आणवणं, याद्या करणं आणि लोकांच्या मागे लागणं हे माझं काम. घरीही मी तेच करते. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. आई जालन्याकडची. तिचा जन्म दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेला. माझी नोकरी पक्की झाल्यावर ती माझ्याकडे आली ती आलीच.

बरोब्बर आमच्या खाली माझी मैत्रीण राहते. मालवणकडची, माझ्याहून थोडी मोठी. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं. आम्ही बौद्ध. घर बघायला आलो तेव्हा इमारतीतल्या एका काकांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पुन्हा आडनाव विचारलं. हिने काहीच विचारलं नाही. सामान लागायच्या आधीच ती सोलकढीचं भांडं घेऊन वर आली. दुसऱ्या दिवशी आईने त्या भांड्यात शेंगदाण्याची चटणी घालून ते परत पाठवलं, तर ती जिन्यातच उभी राहिली, बोटाने चटणी चाखली आणि ओरडून म्हणाली, "मावशी, ही रोज चालेल."

त्यानंतर आमचं घर आणि तिचं घर यांत फक्त जिना होता. तिची किल्ली माझ्याकडे, माझी तिच्याकडे. मला मेट्रोला उशीर झाला तर आईचा चहा ती करायची. तिचा मुलगा परीक्षेच्या वेळी आमच्याकडे अभ्यासाला यायचा, कारण वर वारा जास्त. अडीनडीला माझ्या डोक्यात पहिलं नाव तिचंच यायचं, माझ्या सख्ख्या भावाचं त्यानंतर.

काही वर्षांपूर्वी तिने घराचं काम काढलं. मुलगा नोकरीला लागला होता, त्याचं लग्न बघायचं होतं आणि घर पाहुण्यांना दाखवण्यासारखं हवं होतं. तिच्या छताला आमच्या जमिनीचे वासे उघडे दिसायचे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या फोडण्यांच्या धुराने काळे पडलेले. मुलाला ते नको होते. त्याला फॉल्स सीलिंग हवं होतं, आत बसवलेल्या गोल दिव्यांचं. कामाच्या दिवसांत तिचा स्वयंपाक माझ्या ओट्यावर झाला, तिची पितळेची भांडी माझ्या पलंगाखाली राहिली आणि तिच्या सुताराला दोन वेळचा चहा माझ्या आईने दिला. खाली हातोडा पडला की वर आमच्या मांडणीतले पेले वाजायचे. आई म्हणायची, "काम लय जोरात चाललंय बाई." तिला त्याचं कौतुक होतं.

काम संपलं आणि मैत्रीण एक दिवस चौरंग घेऊन वर आली. जुन्या सागाचा, जड, वरून गुळगुळीत पॉलिश केलेला. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. आमच्याकडची मूर्ती तेव्हा एका प्लास्टिकच्या स्टुलावर असायची, वर पांढरं कापड घालून. ती म्हणाली, "मूर्ती कशी नीट बसायला पाहिजे. स्टूल बरं दिसत नाही." लाकूड तिच्या सासूच्या जुन्या कपाटाचं आहे, मुद्दाम करून घेतलंय, असंही तिने सांगितलं. चौरंगाच्या खालच्या बाजूला जुना हिरवा ऑइलपेंट तसाच होता. मी म्हटलं, कपाट हिरवं असेल.

आईला त्या दिवशी रडू आलं. आपल्या मूर्तीसाठी आपल्यातल्या नसलेल्या कुणी काही करून आणावं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मूर्ती चौरंगावर ठेवताना तिने मैत्रिणीलाही हात लावायला लावला.

कुरकुर त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर सुरू झाली. आधी एकच फळी, खिडकीपाशी. मग तिच्या शेजारची. मग खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचा सगळा पट्टा. तिथून चालताना जमीन किंचित दबायची आणि करकर आवाज करून वर यायची. मी त्या सुमारास लोखंडी कपाट घेतलं होतं. मैत्रीण एकदा वर आली, कपाटाकडे बघून म्हणाली, "एवढं वजन घातलंस, फळ्या वाकणार नाहीत तर काय?" मला ते पटलं. मी कपाट विकलं. आवाज थांबला नाही तेव्हा ती म्हणाली, एकदा वाकलेली फळी परत सरळ होत नाही. तेही पटलं.

मग माझे उपाय सुरू झाले. फ्रिजवर मी एक यादी लावली होती, कुठल्या फळीला काय केलं आणि ते किती टिकलं याची. ऑफिसातल्या मुली हसायच्या. मला गंमतच वाटायची. जुनं घर म्हटलं की हे आलंच, असं मी सगळ्यांना सांगायची आणि ज्यांची जुनी घरं होती त्यांना पावडरीचा उपाय फोनवर समजावून द्यायची.

मैत्रिणीला अर्धशिशी आहे. ती खोटी नाही, मी स्वतः तिला डोक्याला ओढणी घट्ट बांधून अंधारात पडलेलं पाहिलं आहे. वरची करकर तिच्या डोक्यात जायची. तिने कधी भांडण केलं नाही. फोन करायची आणि थकलेल्या आवाजात म्हणायची, "अगं, जरा बघ ना." मला इतकं ओशाळं व्हायचं की मी घरात चपला घालणं बंद केलं. मिक्सर ओट्यावरून काढून मोरीच्या कट्ट्यावर नेला, कारण तिथे फळ्यांवर शहाबादी फरशी आहे. दुपारी दोन ते चार तिची झोपायची वेळ, तेव्हा आई पलंगावरून उतरायची नाही.

एका रविवारी आम्ही तिघी आमच्या पुढच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. आई कप ठेवायला उठली आणि जमीन वाजली. मैत्रीण हसत म्हणाली, "मावशी अजून शेतातच चालतात गं. ढेकळं तुडवल्यासारखी टाच आपटतात. ही फळी आहे, मावशी, वावर नाही."

मीही हसले. आई पण हसली. दुसऱ्या दिवसापासून आई चवड्यांवर चालायला लागली. पाय न वाजवता, भिंतीच्या कडेकडेने, हात भिंतीला लावून. मला वाटलं काही दिवसांनी विसरेल. ती विसरली नाही.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. खरं काम त्यानंतरचं असतं, असं घरी येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी पहिल्या दिवशीच म्हणाली. चालायचं, दिवसातून अनेकदा, सरळ रेषेत. टाच आधी टेकवायची, मग पाऊल, म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होतो. आमचा जिना उभा आणि अरुंद, त्यामुळे आई खाली उतरू शकत नव्हती. चालायला जागा एकच, पुढच्या खोलीतला खिडकीपासून दारापर्यंतचा पट्टा. तोच वाजायचा.

त्या दिवसांत मैत्रिणीने केलं ते नाकारणार नाही. पहिला आठवडाभर जेवणाचा डबा तिचाच. आईला आवडते म्हणून कुळथाची पिठी. आणि रोज संध्याकाळी फोन: "मावशींचं चालणं झालं का? म्हणजे मी गोळी घेऊन पडते." ती हे प्रेमानेच विचारायची, निदान मला तसंच ऐकू यायचं. आईला ते वेगळं ऐकू आलं. तिने चालणं सकाळवर आणलं, मग फक्त फिजिओथेरपिस्ट येईल तेवढ्यापुरतं आणलं. मी घरी असताना आग्रह केला तर भिंतीला धरून चवड्यांवर दोन फेऱ्या मारायची आणि बसायची.

"राहू दे माय," म्हणायची. "त्या बाईचं डोकं दुखतं."

फिजिओथेरपिस्टने मला एक दिवस जिन्यात थांबवलं. गुडघा सरळ होत नाहीये, म्हणाली. तुमच्या आई चवड्यावर भार टाकतात, टाच टेकवतच नाहीत. आत्ता नाही केलं तर पाय असाच वाकलेला राहील, मग घरातल्या घरातही काठी, आणि नंतर तेही नाही. जमिनीवर जाड सतरंजी घालू का, मी विचारलं. नको, पाय अडकून पडतील.

म्हणजे जमीनच गप्प करायला हवी होती, आणि ती खालून. मी मैत्रिणीकडे गेले. तिला सांगितलं, तुझ्या सीलिंगचा एक तुकडा फक्त उघडूया, सुतार मी आणते, घाण मी काढते, रंग मी लावून देते. आईच्या पायाचंही सांगितलं. ती ऐकत होती, पण बघत दुसरीकडे होती.

"सीलिंगला नको हात लावू," ती म्हणाली. "परत धूळ, परत तो सुतार. माझ्यानं नाही होणार गं. तू वरून कर ना काय करायचं ते."

मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. अर्धशिशीच्या माणसाला धूळ आणि ठोकाठोक नको असणार. मी घरी आले आणि पुन्हा पावडर घातली.

मग ती गावच्या जत्रेला गेली. मुलगाही तिच्याबरोबर गेला. जायच्या आधी तिच्या सीलिंगमधले दोन दिवे मिचमिचायला लागले होते. इलेक्ट्रिशियन रविवारी येणार होता. किल्ली माझ्याकडे होतीच, तेव्हा मी उभी राहून करून घेते म्हटलं. रविवारी तो आला. दिव्यांशेजारचा सीलिंगचा एक चौकोन त्याने काढला, वरच्या वायरी बघितल्या आणि टेप आणायला खाली उतरून स्कूटरकडे गेला.

शिडी तिथेच होती. मी चढले. माझ्या मनात एवढंच होतं की आपल्या फळ्या नक्की कुठे घासतात ते बघून ठेवावं. कदाचित एखादी छोटी पाचर मारली की भागेल. मग ती परत आली की तिला सांगता येईल, बघ, सीलिंग जरासुद्धा तोडावं लागणार नाही, याच चौकोनातून काम होईल.

मोबाइलच्या उजेडात वासे दिसले. खालची कड काळी होती, धुराची. पण बाजूंना, जिथे धूर पोचला नव्हता, तिथे हिरवा रंग होता. दोन वाशांच्या मधे आडवे लाकडी ठोकळे, म्हणजे जाड फळीचे तुकडे, बसवलेले असतात. त्यांच्यामुळे वासे एकमेकांना धरून राहतात आणि वरून माणूस चालला तरी डुलत नाहीत. खोलीच्या टोकाला असे ठोकळे होते. मधल्या सगळ्या पट्ट्यात नव्हते. ते जिथे होते तिथे वाशांवर रंग नसलेले उभे चौकोन राहिले होते, वीतभर लांबीचे, कोऱ्या लाकडाचे, आणि त्यांत करवतीने कापलेल्या खिळ्यांची टोकं. त्या मोकळ्या जागेत सीलिंगच्या दिव्यांचे पत्र्याचे डबे बसवले होते. मी वर हात घालून एक वासा धरला आणि हलवला. तो हलला.

इलेक्ट्रिशियन परत आला. त्याने दिवे लावून दाखवले आणि चौकोन बसवू का विचारलं. मी म्हटलं बसवा.

वर गेले तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. मी चौरंगावरची मूर्ती उचलून तिच्या मांडीवर दिली. तिने दोन्ही हातांनी ती धरली आणि विचारलं, काय झालं. मी चौरंग उलटा केला. चार जुन्या फळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या, प्रत्येक वीतभर रुंद. हिरवा रंग तोच. दोन फळ्यांच्या कडेला गंजलेल्या खिळ्यांचे तुकडे अजून आत होते, पॉलिशवाल्याने तिथे मेहनत घेतली नव्हती.

इतकी वर्षं तो चौरंग मी दर रविवारी पुसत होते. वरून.

खाली जाऊन दार लावून आले. तिची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर न टांगता टेबलावर ठेवली.

ती आठवड्याने परतली आणि त्याच संध्याकाळी वर आली. हातात आमसुलांची पिशवी, आईसाठी खाजं. नेहमीसारखी दारातूनच बोलत आत आली, जत्रेत गर्दी किती, बसला किती वेळ लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, तोंड का असं?"

चौरंग मी खोलीच्या मधोमध उलटा ठेवला होता.

"हे लाकूड कुठलं?" मी विचारलं.

"सांगितलं होतं ना. सासूच्या कपाटाचं."

"इलेक्ट्रिशियनने चौकोन काढला तेव्हा मी वर बघितलं."

ती पलंगाच्या कडेला बसली. पिशवी मांडीवर तशीच. चौरंगाकडे बघत म्हणाली, "दिव्यांचे डबे बसत नव्हते. सुतार म्हणाला, हे ठोकळे काढले तर बसतील. वर जरा फळी हलेल म्हणाला. जरा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काढू दिले असतेस?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली.

तिच्या दृष्टीने ते उत्तर पूर्ण होतं. मला आजही त्या एका शब्दाचा जास्त राग येतो, ठोकळे कापल्याचा कमी. मी तिला लोखंडी कपाटाचं विचारलं. माझ्याच कपाटाने फळ्या वाकल्या असं तू मला सांगितलंस, तेव्हा तुला माहीत होतं ना? ती म्हणाली, त्या वेळी तिला खरंच वाटलं, कपाटाचंही थोडं असेल. पुढे पुढे ठोकळ्यांचं ती विसरूनच गेली. आवाज आला की तिला वरचे पाय ऐकू यायचे, बस.

"आवाज खोटा होता काय गो?" तिचा आवाज चढला, आणि चढला की तिची मालवणी बाहेर येते. "डोकं माझंच फुटत होतं ना? आवशीचो पाय असो होतलो ता माका काय म्हायत?"

"गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे आले होते. पायाचं सगळं सांगितलं होतं."

 मग चौरंगाकडे बोट करून हळू आवाजात म्हणाली, "सुतार घेऊन जात होता ते लाकूड. मी नाही दिलं. म्हटलं, त्यांचं आहे, त्यांच्याकडे जाऊ दे."

म्हणजे तिच्या मनात तेव्हाच सगळं फिटलं होतं. आमचं लाकूड काढलं, पॉलिश करून आम्हाला परत दिलं. आई त्या दिवशी रडली तेव्हा ही शेजारी उभी होती, मूर्तीला हात लावून.

आई आतल्या दाराशी येऊन उभी राहिल्याचं आम्हाला दोघींनाही कळलं नव्हतं, कारण ती आवाज न करताच चालते. तिने सगळं ऐकलं होतं की शेवटचंच, मला माहीत नाही. तिने मैत्रिणीला एकच विचारलं.

"म्हणजे माझ्या टाचेचं नव्हतं?"

मैत्रीण उठली. पिशवी पलंगावर ठेवली, पदर सारखा केला, "मावशी, येते," म्हणाली आणि जिन्याकडे निघाली. मी तिला दारात गाठून सांगितलं की येत्या रविवारी सुतार येईल, तू सीलिंग उघडू दे. मुलाला विचारते, म्हणाली. मी म्हटलं, विचार, पण सुतार रविवारी येईल.

माझा बेत असा होता की चौरंग मोडायचा आणि त्याच फळ्या परत त्यांच्या जागी बसवायच्या. मापाच्या होत्याच. सुताराला मी तसं सांगूनही ठेवलं होतं. आईने हात लावू दिला नाही.

"त्याच्यावर मूर्ती बसली इतकी वर्षं," ती म्हणाली. "आता ते पायाखाली घालायचं?"

मी वाद घालून बघितला, की ते लाकूड मुळात पायाखालचंच होतं. ती म्हणाली, तेव्हा होतं. मग मी नवं लाकूड आणलं.

रविवारी तिच्या मुलाने दार उघडलं. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. माझ्याच खिडकीपाशी बसून त्याने बारावीचा अभ्यास केला होता. मैत्रीण आतल्या खोलीत होती, दार ओढून. काम जेवणाच्या आत आटपलं. सुताराने नवे ठोकळे बसवले, वरून मी सांगेन तिथे फळ्या स्क्रूने आवळल्या, दिव्यांचे दोन डबे मागे सरकवावे लागले. चहा मी त्याला जिन्यात नेऊन दिला. मग तिची किल्ली तिच्या मुलाच्या हातात ठेवली. त्याने काही न विचारता माझी आणून दिली, म्हणजे ती आधीच काढून ठेवलेली होती.

नंतर इमारतीत असं बोललं गेलं की आमच्या जमिनीपायी तिला चांगलं सीलिंग उघडावं लागलं. वाक्य म्हणून ते खरं आहे, त्यामुळे मी ते खोडत बसले नाही. आडनाव विचारणारे काका आता मला जिन्यात दिसले की मान डोलावतात, जणू आमचं दोघींचं टिकणार नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्याचा मला सगळ्यात जास्त मनस्ताप होतो.

जमीन आता वाजत नाही. पट्ट्याच्या मधोमध मी उडी मारून बघितली, पेलेसुद्धा हलले नाहीत. फ्रिजवरची यादी मी काढून टाकली. कुणी उपाय विचारला तर अजून सांगते, पावडर, मेणबत्ती, स्क्रू. पण आधी विचारते, आवाज कधीपासून येतो, आणि त्याच्या आधी खाली कुणी काही काम काढलं होतं का.

आईचं तेवढं सोपं नाही. ऑपरेशनला आता बरेच महिने झाले. फिजिओथेरपिस्ट म्हणते, अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही. मी रोज अंधेरीहून आले की पर्स ठेवून आधी तिला उठवते. पहिल्या दिवशी ती सवयीने भिंतीकडेच गेली. मी भिंतीच्या बाजूने उभी राहिले, म्हणजे तिला मधूनच जावं लागलं. आता ती मधूनच चालते, माझा हात धरून, पण अजून चवड्यांवर. खोलीच्या मध्यावर आली, जिथे आधी सगळ्यात मोठा आवाज व्हायचा, की थांबते आणि मान किंचित खाली घालते.

काल मी विचारलं, काय झालं.

"ऐकते," ती म्हणाली. "खालची उठली का ते."

खालून काहीच आवाज येत नव्हता. मी म्हटलं, "आई, टाच." तिने पाय पुढे घेतला, थोडा वेळ तसाच हवेत धरला आणि टाच टेकवली, आपटली नाही, पण टेकवली. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही. मग तिने दुसरा पाय उचलला.